हौदाचा वाटा

१

हौद कोरडा पडला होता आणि एक वासरू आत तोंड घालून तळ चाटत होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ऐकीव गोष्टी सांगत फिरायची मला सवय नाही.

आमची शांतेश्वर कॉलनी लातुरात, निलंग्याच्या रस्त्याला. तीस घरं, मधोमध उंच टाकी, टाकीखाली एक खोली, आणि कुंपणाबाहेर रस्त्याला लागून दगडी हौद. तो आमच्या मालकांनी बांधला. तेव्हा इथे कॉलनी कुठली, नुसतं आमचं रान होतं. उसाच्या बैलगाड्या कारखान्याला जाताना विहिरीशी थांबायच्या. आधी घुंगरं ऐकू यायची, मग धूळ दिसायची. मालक म्हणायचे, जनावराला मागता येत नाही, म्हणून त्याचं आधी भरून ठेवायचं. गंजबाजारातल्या दुकानावरून किती का थकून येईनात, चपला काढायच्या आधी हौदात डोकावायचे. पुढे रानाचे प्लॉट पडले, विहीर बुजली, गाड्या गेल्या, मालकही गेले. हौद राहिला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातसुद्धा त्याचा तळ कुणी पाहिला नव्हता.

तो त्या दिवशी मी पाहिला.

आमच्याकडे पाणी आठवड्याला एकदा सुटतं. टाकी भरली की भोंगा वाजतो, तीसही घरांना वाटा मिळतो, आणि शेवटी टाकीत जे उरतं ते व्यंकट खालचा वॉल उघडून हौदात सोडतो. व्यंकट आमच्या टाकीवरचा माणूस. बायको सत्यशीला आणि लेक बबिता यांच्यासह टाकीखालच्या खोलीत राहतो. बबिता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून टाकीच्या पायरीवर दिवसभर पुस्तक घेऊन बसलेली असायची.

मी व्यंकटला हाक मारून विचारलं, हौदात पाणी का नाही.

"टाकीतच काही उरलं न्हाई, अव्वा," तो म्हणाला. "मागच्या खेपेलाबी न्हाई उरलं."

तेवढ्यात त्याच्या मागून शिडीवरून बसलिंगप्पा उतरला. हा आमच्या कॉलनीचा अध्यक्ष. गंजात आडत आहे, आवाज मोठा आहे, आणि शर्टाला इस्त्री असल्याशिवाय तो देवळातसुद्धा जात नाही. टाकीत डोकावून आला होता. हात झटकत चारचौघांदेखत म्हणाला, "टाकीच्या तळाला चिखल दिसायलाय. वीस टिपाडं पाणी काही वाफ होऊन जात न्हाई. आणि वॉलच्या कुलपाची किल्ली एकट्या व्यंकटकडं हाय."

२

त्याच्या बोलण्यातला दुसरा मुद्दा भोंग्याचा होता, आणि तो मलाही पटण्यासारखा वाटला.

मागच्या खेपेला भोंगा वाजलाच नव्हता. पाणी आलेलं बायकांना नळ सूं सूं करायला लागल्यावर कळलं. आणि टाकी पहिल्यांदा कोरडी पडली तीही त्याच दिवशी. बसलिंगप्पाचं म्हणणं, व्यंकटनं भोंगा मुद्दाम मुका केला, लोकांचं लक्ष नाही असं पाहून उरलेलं पाणी मागच्या भिंतीवरून पाइपानं बाहेर काढलं. भिंतीपलीकडे मन्मथचं गाड्या धुवायचं सेंटर आहे. जसा मन्मथ तसाच व्यंकट, दोघांनी मिळून हौद विकला.

व्यंकट शांतपणे सांगत होता की भोंगा त्यानं बंद केला नाही. आदर्शदादांनी मशीनमध्ये काहीतरी नवीन घातलं त्या दिवशी तो वाजला नाही, आणि दुसऱ्या दिवशी दादांनीच नांदेडला बसून दुरुस्त केला.

हा आदर्श म्हणजे माझ्या लेकीचा मुलगा. नांदेडला कॉम्प्युटरवर काम करतो. टाकीचं मशीन त्यानंच बसवून दिलं. त्याआधी व्यंकट हातानं पाणी सोडायचा, आणि कुणाला जास्त गेलं, कुणाला कमी, यावरून बायका एकमेकींची सात पिढ्यांची उणीदुणी काढायच्या. मी स्वतः त्यात मागे नव्हते. आदर्शनं प्रत्येक नळाला आपोआप बंद होणारा वॉल लावला. लिटर-बिटर आमच्या बायांच्या डोक्यात बसत नाही, आम्ही पाणी टिपाडानं मोजतो. परसात लोखंडी टिपाडं उभी असतात, ती भरली की आठवडा निघाला. म्हणून त्यानं मशीनलाही टिपाडच शिकवलं. टाकीत टिपाडं किती, घरं किती, मशीन वाटणी करतं. आणि वाटणी झाल्यावरही हौदापुरतं पाणी टाकीत राहतंच. मी सगळ्यांना सांगत असे, नातू शिकला तरी आजोबांना विसरला नाही, हौदाचा वाटा त्यानं मशीनच्या पोटात लिहून ठेवला.

"भोंगा दुरुस्त झाला ना," बसलिंगप्पा म्हणाला. "मग पाणी काऊन गेलं? मशीन तर नीट हाय."

 बसलिंगप्पानं हात पुढे केला. व्यंकटनं करदोट्याची किल्ली सोडून त्याच्या हातावर ठेवली. बसलिंगप्पानं त्याला खोलीही रिकामी करायला सांगितली.  सत्यशीला बबिताला म्हणाली, "पुस्तकं बांध."

माझी सून सुकन्या बबिताला म्हणाली, परीक्षा होईपर्यंत आमच्याकडे राहा. पोरीनं नको म्हटलं. चोराची लेक म्हणून लोकांच्या घरात बसून अभ्यास होणार नाही, असं तिनं सांगितलं. रिक्षा आली, सामान चढलं. सत्यशीलेचा भाऊ धर्माबादला मिरचीच्या आडतीवर हमाली करतो, तिकडे चालले होते. धर्माबादहून परीक्षेला लातूर गाठायचं म्हणजे निम्मा जीव बसमध्येच जायचा, आणि बबिता ते सांगायची नाही, परीक्षाच सोडून देईल, हे मला कळत होतं.

व्यंकट तीस घरांचं पाणी इतकी वर्षं सांभाळत आला. कुणाच्या घागरीत त्यानं कधी बोट बुडवलं नाही. मी ठरवलं, चोर मी शोधणार.

३

पहिल्यांदा मन्मथकडे गेले.

त्याचं सेंटर बंद होतं. फरशी कोरडीठाक, होजपाइप गुंडाळून खिळ्याला अडकवलेला, आणि गाड्या चढवायच्या लोखंडी फळीवर कुत्रं झोपलेलं. मन्मथ बाहेर पानाच्या टपरीवर बसला होता. मला पाहून उठला, कारण मी त्याच्या आईची मैत्रीण. पण तोंड त्याचं पहिल्यापासून तिखटच.

म्हणाला, "या अव्वा. झडती घ्यायला आलात तर चहा सांगतो."

मी म्हटलं, चहा राहू दे, सेंटर का बंद आहे ते सांग. तर बोअरची मोटर जळून महिना होत आला होता. सुटा भाग मिळेना. तेव्हापासून एक गाडी धुतली नव्हती. टपरीवाल्यानंही तेच सांगितलं.

"चोरीचं पाणी हाताशी असतं," मन्मथ म्हणाला, "तर सेंटर बंद ठेवून इथं सुपारी कातरत बसलो असतो व्हय?"

तोंडाळ माणूस, पण बोलणं सरळ होतं. गाड्या धुणारा पाणी चोरेल तर गाड्या धुवायलाच चोरेल.

मग मी मागच्या भिंतीच्या कडेनं चालत गेले. वीस टिपाडं पाणी पाइपानं जायचं म्हणजे कुठे तरी सांडणार. भिंतीशी गवत वाळलेलं, मातीला भेगा. भिंतीवर वेल चढलेली, तिचं एक पान मोडलेलं नव्हतं. हौदाकडे जाणाऱ्या वॉलच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं. ते फाटल्याशिवाय तिथून थेंब जाणार नाही, हे सांगायला शाळा लागत नाही.

मी बसलिंगप्पाला सांगितलं. तो म्हणाला, कोळी एका रात्रीत जाळं विणतो.

पुढच्या खेपेला टाकी भरली तेव्हा व्यंकट धर्माबादला होता. किल्ली बसलिंगप्पाच्या खिशात होती, आणि खिशावर त्याचा हात होता. भोंगा वाजला, वाटणी झाली. बसलिंगप्पा मोठ्या दिमाखात शिडी चढला, आता हौद भरून दाखवतो म्हणाला.

वर पोचला, टाकीत वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. खाली आला तेव्हा माझ्याकडे न बघता घराकडे चालू लागला.

टाकी कोरडी होती.

४

कुलूप शाबूत, किल्ली अध्यक्षाकडे, चोर साठ कोसांवर, आणि पाणी तरीही गायब. कॉलनीत कुणी म्हणालं टाकीला चीर गेली असेल. चीर गेली असती तर टाकीखाली चिखल झाला असता. तिथे धूळ होती.

मी ओट्यावर खुर्ची टाकून बसले. पाणी जातंय कुठे ते सुचेना, म्हणून म्हटलं, आहे कुठे ते तर बघू.

आणि गटार दिसलं. वाहत होतं. आमच्या गल्लीतलं गटार म्हणजे एरवी सुकलेली शेवाळाची रेघ. समोरचीनं ओटा धुतला होता, भिंतीसुद्धा. पलीकडे गच्चीवरच्या टाकीतून धार लागली होती, कुणी बंद करेना. बसलिंगप्पाचा मुलगा त्यांची लाल गाडी पाइपानं धूत होता, टायरच्या खाचांत बोटं घालून घालून.

हे लातूर आहे. इथे आम्ही तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना घातलं आहे, भांड्यांचं फरशीला, आणि फरशीचं कढीपत्त्याच्या बुंध्याला. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं मला पहिला धडा स्वयंपाकाचा नाही दिला, तांब्याभर पाण्यात तोंड, हात, पाय कसे धुवायचे त्याचा दिला. आंघोळीला पाटाखाली परात ठेवायची, तेवढं पाणी गोठ्यात जायचं. ती माणसं आज ह्या गल्लीतून गेली असती तर त्यांना वाटलं असतं, आपण दुसऱ्याच गावात आलो.

परसात गेले. आमचं टिपाड काठोकाठ भरून वाहत होतं आणि सुकन्या उरलेलं घंगाळात भरत होती.

"सुकन्या, हे कवापासून?"

"भोंगा वाजला न्हाई त्या दिवसापासून," ती म्हणाली. "तीन खेपा झाल्या की, अत्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"कमी आलं असतं तर बोलले असते. जास्त आलेलं कोण सांगतं?"

मी तशीच वाटी घेऊन निघाले. विरजण मागायच्या निमित्तानं एकेका घराच्या परसापर्यंत गेले. सगळीकडे टिपाडं तुडुंब. एकीला वाटत होतं देवाची कृपा, दुसरीला वाटत होतं आपल्याच नळाला जोर आला, म्हणून ती शेजारणीला सांगत नव्हती. तिसरी म्हणाली, चोर गेला म्हणून पाणी वाढलं. घरी आले तेव्हा माझ्याकडे इतकं विरजण जमलं होतं की सुकन्यानं विचारलं, म्हशी कवा येणार.

म्हणजे पाणी कुंपणाबाहेर गेलंच नव्हतं. हौदाचं पाणी आम्हीच प्यायलो होतो, तीसही घरं, जरा जरा. पण कुणी नळाला हात लावलेला नाही. मग वाटलं कुणी?

वाटणारं एकच होतं, आणि ते माझ्या नातवानं बसवलेलं होतं.

५

फोनवर आदर्श म्हणाला, मशीन एकदम बरोबर आहे. मला त्याचं तोंड बघायचं होतं. सकाळची नांदेडची बस धरली.

अहमदपूर, लोहा, ही गावं मला बसच्या खिडकीतूनच माहीत. ह्याच रस्त्यानं मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. डिंकाचे लाडू मांडीवर, आणि मालक शेजारी दर थांब्यावर विचारायचे, डबा सांडला तर नाही. आदर्शला पहिली आंघोळ मी घातली. तेव्हापासून तो खोटं बोलायला लागला की कानाची पाळी ओढतो.

त्याचं ऑफिस वजिराबादला, एका कापडाच्या दुकानावर. मला पाहून उभा राहिला. त्यानं सगळं नीट समजावलं, कान न ओढता. मशीनला काम सांगायची एक भाषा असते. त्या भाषेच्या लोकांनी ती पायापासून उकलून पुन्हा बांधली. नवी आवृत्ती निघाली त्याच आठवड्यात आदर्शनं आमच्या टाकीवर चढवली. सगळ्यांच्या आधी.

शेजारच्या टेबलावर विरूपाक्ष नावाचे त्याचे वरिष्ठ होते, केस पिकलेले. ते मान न उचलता म्हणाले, "मी सांगितलं होतं, थांब. पायापासून बांधलेलं पहिलं वहिलं कुणी चालत्या कामावर घालतं का? आधी दुसऱ्यांचं काय मोडतं ते बघावं."

"मोडलं फक्त भोंग्याचं, सर," आदर्श म्हणाला. "ते मी लगेच नीट केलं. त्यानंतर एकही तक्रार नाही."

"मोडलेलं दिसतं रे. न मोडता बदललेलं कुठं दिसतं?"

ह्या दोघांचं चालू असताना माझ्या डोक्यात माझी भाकऱ्यांची दुरडी होती. आमच्याकडे जेवायला बसलेल्यांना मी कधी अर्धी भाकर वाढली नाही. सगळ्यांना सारख्या अख्ख्या भाकऱ्या, आणि वाटून उरतील त्या दुरडीत. त्या दुरडीवर कितीजण जेवून गेले. भिक्षेला जंगम यायचा, गाडीवान यायचे, कुणी उपाशी गेलं नाही. सुकन्या आली ती मोजून, तुकडे करून वाढायची. तिच्या हातून सगळ्यांना पुरेपूर मिळायचं, आणि दुरडी रिकामी.

"आदर्श," मी म्हटलं, "वीस भाकऱ्या, सात माणसं. तुझं मशीन कसं वाढतं?"

 तो टेबलाकडे वळला. जुन्या कॉम्प्युटरवर काही लिहिलं, तेच नव्यावर लिहिलं. जुन्यानं दोन सांगितलं. नव्यानं दोन सांगून पुढे आकड्यांची शेपटी लावली.

"जुनी भाषा भाकर मोडत नव्हती, अव्वा," तो हळू म्हणाला. "अख्ख्याला अख्ख्यानं भागलं की खालचं सोडून द्यायची. नवी सोडत नाही. टाकीतली टिपाडं भागिले तीस घरं. पूर्वी तीन तीन टिपाडं मिळून वीसेक राहायची. आता एकही राहत नाही." त्यानं डोक्याला हात लावला. "आणि हिशेब नव्या भाषेचाच बरोबर आहे."

मी विचारलं, मग हौदाचा वाटा त्यानं कुठे लिहिला होता?

"कुठला वाटा?" आदर्श म्हणाला.

६

परतीच्या रस्त्यावर आदर्श माझ्या शेजारी बसून होता. आजोबांचा हौद त्याच्या मशीनमध्ये कधीच नव्हता. इतकी वर्षं तो उरल्यासुरल्यावर भरत होता, आणि मी नातवाचं कौतुक गावभर करत होते. राग त्याच्यावर काढावा, तर त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मालक असते तर त्यांनी सांगितलं असतं. आम्ही धरून चाललो.

तो म्हणाला, जुनी आवृत्ती परत बसवतो, उद्यापासून पूर्वीसारखं राहील.

"न्हाई," मी म्हटलं. "उरलं तर मिळेल, असं तुझ्या आजोबांनी हौदाला कधी ठेवलं नव्हतं. तुझी नवी भाषा राहू दे. पण त्यात घरं एकतीस कर."

संध्याकाळी टाकीखाली सगळ्यांना जमवलं. आदर्शनं झालं ते सांगितलं, आपली घाई सांगितली, भोंग्याचंही सांगितलं. वॉलचं कुलूप, मन्मथची मोटर, व्यंकट नसताना कोरडी पडलेली टाकी, हे मी सांगितलं. नंतर एकेकीच्या टिपाडाचं सांगितलं. विरजण देणाऱ्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"म्हणजे चोरी झालीच न्हाई म्हणा," बसलिंगप्पा म्हणाला.

"झाली की. सगळ्यांनी केली. तुझी तेवढी गाडीवर वाळली."

 मी बसलिंगप्पाला म्हटलं, व्यंकटचं नाव चारचौघांत घेतलंस, आता ते परत द्यायला त्याच्या दारात जायचं. तो म्हणाला फोन लावतो. मी त्याच्या लाल गाडीकडे बोट दाखवलं. सकाळी त्यानं गाडी काढली.

धर्माबादला सत्यशीलेच्या भावाची पत्र्याची खोली होती. बाहेर मिरच्या वाळत घातलेल्या, खाट उन्हात, खाटेवर बबिता पुस्तक घेऊन. व्यंकट नुकताच आडतीवरून आला होता, डोळे लाल झालेले. त्यानं आम्हाला सतरंजी टाकली, आणि स्वतः उभाच राहिला.

बसलिंगप्पानं घसा साफ केला. "व्यंकट, तू पाणी घेतलं न्हाईस. मी चुकलो." इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. त्यानं किल्ली काढून सतरंजीवर ठेवली. व्यंकटनं ती उचलली नाही.

सत्यशीला आतून तांब्या घेऊन आली. तो तिनं आधी मला नाही, आदर्शला नाही, बसलिंगप्पापुढे धरला.

"घ्या, अप्पा. चोरीचं न्हाई. हापशावरून मी डोक्यावर आणलंय."

बसलिंगप्पा परक्या घरी पाणी पीत नाही, बाटली बरोबर ठेवतो. ती गाडीत होती. त्यानं तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि तोंड लावून प्यायला. सत्यशीला समोरून हलली नाही. तळ दिसेपर्यंत प्यायला.

व्यंकट किल्लीकडे बघत होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही, आणि त्याला विचारायचा हक्कही आम्हाला राहिला नव्हता. खाट वाजली म्हणून मी मागे पाहिलं. बबिता उठली होती. तिनं मिरच्यांवरून पाय उचलत उचलत गाडी गाठली, दार उघडलं, आणि पुस्तकांची पिशवी मागच्या सीटवर ठेवून बापाकडे बघत उभी राहिली.